बाइटांपासून पूर्णांक : बेसिक भाषेतील एक संकेतविचार

संगणकाच्या स्मृतीत अक्षर आणि संख्या असा भेद मुळात नसतो. तेथे ० ते २५५ या मूल्यांचे बाइट तेवढे असतात. त्यांचा अर्थ वाचणाऱ्याने स्वीकारलेल्या संकेतावर अवलंबून असतो. १९६४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयात केमेनी व कुर्ट्झ यांनी निर्माण केलेल्या बेसिक भाषेच्या पुढील काळातील मायक्रोसॉफ्ट आवृत्त्यांत या तत्त्वाचा स्पष्ट प्रत्यय येतो.

आंतरराष्ट्रीय अंकांत लिहिलेली ‘२५’ ही अक्षरमालिका घेऊ. आस्की संकेतानुसार तिचे बाइट ५० व ५३ होत. ‘व्हॅल’ हे फलन तिला मजकूर समजून २५ हे मूल्य देते. ‘सीव्हीआय’ हे फलन मात्र त्याच बाइटांना पूर्णांकाचे यंत्ररूप मानते. त्यात पहिला बाइट कनिष्ठ व दुसरा ज्येष्ठ असतो; म्हणून उत्तर ५० + २५६ × ५३, म्हणजे १३६१८ येते. आपापल्या संकेतापुरती दोन्ही उत्तरे बिनचूकच आहेत.

ऋण संख्यांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. दोन बाइटांच्या पूर्णांकाची मर्यादा −३२७६८ ते ३२७६७ अशी आहे. −५ ही संख्या ‘एमकेआय-डॉलर’ या व्यस्त फलनाने साठविली असता २५१ व २५५ हे बाइट मिळतात. त्यांची सरळ बेरीज केल्यास ६५५३१ येतात, आणि ही संख्या पूर्णांक-चलात मावत नाही. यावर सोपा उपाय असा : ज्येष्ठ बाइट १२७ हून अधिक असल्यास त्यातून प्रथम २५६ वजा करावेत, नंतर गुणाकार करावा. २५५ − २५६ = −१; आणि −१ × २५६ + २५१ = −५. या रीतीने गणित कोठेही मर्यादेबाहेर जात नाही.

बाइटांचा क्रम उलटा धरल्यास तेच बाइट −१०२५ असे वाचले जातात. येथे यंत्र कोणताही दोष दाखवीत नाही. चुकीची संख्या निमूटपणे पुढील गणितात शिरते. प्रयोगशाळांतील जुन्या बेसिक संचिका आज अन्य भाषांतून वाचताना हाच खरा धोका होय. यास्तव निरीक्षणे जतन करणाऱ्याने बाइटांबरोबरच त्यांची संख्या, क्रम व चिन्हाचा संकेतही नोंदवून ठेवावा. संकेत हरवल्यास बाइट शाबूत राहूनही निरीक्षणे मात्र नष्ट झाल्यासारखीच होतात.