तीन दिवस, साडेपाचशे किलोमीटर आणि एक शंभर पानी वही

आमच्या शिरपूरला गाड्यांची काही नवलाई नाही. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला गुजरातेतून, राजस्थानातून यात्रेकरू येतात आणि आमची पोरं नंबर प्लेट वाचून राज्य ओळखायचा खेळ खेळतात. जगभरचे लोक आपल्या गावात येतात, आपण मात्र मालेगाव, रिसोड नाहीतर फार तर वाशीम! आमच्या आजीचं तर वय झालं सत्तर, पण तिनं वेरूळ पाहिलं नव्हतं. घृष्णेश्वराचं नाव काढलं की ती म्हणायची, "घेऊन चला रे कोणी, पाय चालतात तोवर."

तर यंदा सोयाबीन विकलं आणि दादानं १८ हजार रुपये बाजूला काढले. वर बजावलं, "यात बसत असंल तर चला. यावर एक रुपया मिळणार नाही." माणसं सहा. आजी, दादा, वहिनी, मी, आठवीतली पुतणी आणि तिचा नऊ वर्षांचा भाऊ. हिशेबाचं काम पुतणीकडे आलं, कारण घरात गणित तिचंच बरं. तिनं एक शंभर पानी वही घेतली.

पहिल्या पानावर रस्ता. शिरपूरहून रिसोडमार्गे लोणार, तिथून सिंदखेडराजा, जालना आणि छत्रपती संभाजीनगर. दुसऱ्या दिवशी दौलताबाद आणि वेरूळ. तिसऱ्या दिवशी अजिंठा, तिथून बुलढाणा, चिखली, मेहकर करत घरी. लहानपणी आम्ही नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजायचो, तिनं फोनवर मोजलं. बेरीज साडेपाचशेच्या आसपास आली. जाताना एक रस्ता आणि येताना दुसरा, हे लक्षात घ्या बरं का! त्याच वाटेनं परत आलात तर डिझेल तेवढंच जळतं, पण नवीन काहीच दिसत नाही.

आता वार ठरवायचा. शनिवारी निघू, सोमवारी एक सुटी काढू, असं सगळ्यांचं मत पडलं. पुतणी म्हणाली, "काका, सोमवारी अजिंठा बंद असतो." मग रविवारी संपवावं म्हणून शुक्रवारी निघायचं ठरलं. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, म्हणजे सोमवारी निघणाऱ्याचीही पंचाईत. एवढ्या लांब जाऊन बंद दारावरचं कुलूप पाहून येणारी कुटुंबं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

यानंतर खरी लढाई, गाडीची. भाड्याच्या गाडीचे आपल्याकडे दोन हिशेब चालतात. एक किलोमीटरचा. समजा किलोमीटरला १४ रुपये. साडेपाचशे गुणिले १४, म्हणजे ७,७०० रुपये. किती स्वस्त! पण थांबा. गाडीवाले म्हणाले, "रोजचे कमीत कमी तीनशे किलोमीटर धरावे लागतात." पुतणीनं वही पुढं केली. "काका, तीन दिवसांचे नऊशे झाले. आपण चालणार साडेपाचशे. मग उरलेल्या साडेतीनशेचे पैसे कशाचे?"

"रिवाजच आहे तसा, बाप्पा," गाडीवाले हसून म्हणाले. आणि त्यांचंही खोटं नाही. गाडी वेरूळला दिवसभर उभी राहिली तरी तिचा हप्ता आणि विमा काही थांबत नाही. पण आमच्या खिशातून जाणार होते १२,६०० रुपये, वर ड्रायव्हरचा भत्ता रोजचा ४००, म्हणजे १३,८०० रुपये!

दुसरा हिशेब खेड्यापाड्यांत जुना आहे. गाडीचं भाडं दिवसावर, डिझेल आपलं. आम्हाला रोजचे २,००० सांगितले. तीन दिवसांचे ६,०००. लिटरला १५ किलोमीटर धरले तर ३७ लिटर लागतात, पुतणीनं ४० धरले. ९५ च्या भावानं ३,८०० झाले. भत्ता १,२०० मिळवून ११,०००. म्हणजे २,८०० रुपये वाचले, नुसत्या विचारण्यावर! तुमच्याकडे भाव वेगळे असतील, पण दोन्ही रीतींनी गणित मांडल्याशिवाय हो म्हणू नका. दिवसाला तीनशे-चारशे किलोमीटर पळायचं असेल तर पहिली रीतही परवडू शकते. आणि माणसं दोनच असतील तर सरळ एसटीनं जा. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर फुकट.

याहून स्वस्त गाडीही मिळत होती. ओळखीतल्या एकाची, पांढऱ्या पाटीची. इथं मात्र मी आडवा पडलो. भाड्यानं चालणाऱ्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात. स्वतः चालवायला भाड्यानं देतात त्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी. पांढरी पाटी म्हणजे घरगुती वापराची गाडी. ती भाड्यानं देणं कायद्यात बसत नाही, आणि अपघात झालाच तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. चार वर्षांपूर्वी अशाच एका गाडीनं आम्ही लग्नाला गेलो होतो. अपघात झाला नाही, पण कागदावर काहीच ठरलेलं नव्हतं. परत आल्यावर टोल, रात्रीचा मुक्काम, "जास्तीचे तास" असं काय काय निघालं आणि दारात उभं राहून २,४०० रुपये जादा मोजावे लागले. म्हणून यंदा वहीच्या एका पानावर सगळं लिहून गाडीवाल्यांची सही घेतली: टोल कोणाचा, पार्किंग कोणाचं, ड्रायव्हरच्या जेवणाचं काय, गाडी बिघडली तर काय. निघताना मीटरचा आकडा आणि गाडीवरच्या जुन्या ओरखड्यांचे फोटोही काढले.

मुक्कामाच्या दोन रात्री, दोन-दोन खोल्या, ९०० रुपयांच्या. ते ३,६०० झाले. जेवणाला २,०००, कारण पहिल्या दिवसाच्या दशम्या, पिठलं आणि ठेचा घरूनच नेला. तिकिटांची मोठी भीती वाटत होती. पण वेरूळ आणि अजिंठ्याला ४० रुपये, दौलताबादला २५ रुपये, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही! चार मोठ्यांचे मिळून फक्त ४२० रुपये. उरले ९८०, ते पंक्चर नि पार्किंगसाठी.

एका गोष्टीवर मात्र खूप वाद झाला. दादाचं म्हणणं, रात्री निघू, समृद्धी महामार्गानं पहाटेच पोहोचू, एक दिवस वाचेल. पण ड्रायव्हरलाही झोप लागते ना! कायद्यातसुद्धा त्याला दिवसाला आठ तासांचं काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगितलेली आहे. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटली आणि २५ जण गेले. शिवाय आपल्याकडच्या साध्या रस्त्यांवर अंधारात कधी रोही आडवा येईल याचा नेम नसतो. आजी म्हणाली, "मले दिसंल असं न्या. अंधारात काय पाहू?" वाद तिथंच मिटला.

शुक्रवारी सकाळी सहाला निघालो. लोणारला काठावर उभं राहिलो तेव्हा धाकटा गप्पच झाला. उल्का आदळून काळ्या बसाल्ट खडकात पडलेला हा खड्डा, सुमारे १.८ किलोमीटर रुंद. पाणी खारं नि क्षारयुक्त. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे. सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचा वाडा पाहिला, जिजाऊंचं हे जन्मस्थान. १२ जानेवारीला इथं अफाट गर्दी असते, स्वस्तात फिरायचं तर ती तारीख टाळा.

वेरूळला आजीनं घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं आणि मग कैलासापुढं बसून राहिली. वरून खाली खोदत आणलेलं अख्खं देऊळ! आम्ही तिला उठवायला गेलो तर म्हणे, "तुम्ही पाहून या, मी हाओ इथंच." तेवढ्यात आम्ही शेवटच्या टोकाची जैन लेणी पाहून आलो. तिथली ३२ व्या क्रमांकाची इंद्रसभा शिरपूरकरांनी चुकवू नये. तिथं पार्श्वनाथाची मूर्ती दिसताच धाकटा ओरडला, "हे तर आपल्या गावचे!"

अजिंठ्याला वहीतली एक चूक सापडली. खासगी गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या तिठ्यावर ती ठेवून पुढं बसनं जावं लागतं, आणि ते पैसे आम्ही धरलेच नव्हते. ९८० मधून दिले. धाडच्या पुढं एक पंक्चर निघालं, तेही त्यातूनच.

रविवारी दिवे लागायच्या वेळी घरी आलो. मीटरनं ५७१ किलोमीटर दाखवले. वहीत शिल्लक राहिली २१० रुपये. ते आजीनं मागून घेतले, बटव्यात ठेवले आणि पुतणीला म्हणाली, "पोरी, पंढरपूर किती किलोमीटर आहे, ते पाह्यजो बरं."