निहाली भाषा व बोलपट

आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, जळगांव जामोद तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं कांहीं खेड्यांतून निहाली नांवाची भाषा बोलली जाते. ती बोलणारे २००० ते २५०० असावेत असा अदमास आहे. साऱ्या पृथ्वीवर या भाषेचा ज्ञात असा एकही आप्त नाहीं, हें आपल्या विद्यार्थ्यांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल.

पाण्यास शेजारचे कोरकू 'डा' म्हणतात, तमिळ लोक 'तण्णीर' म्हणतात; निहालींत शब्द आहे 'जोप्पो', आणि त्याचें कुळ कोणासही लावितां आलेलें नाहीं. चारांस मात्र 'नालो' म्हणतात. हा तमिळ 'नालु'चा सोयरा उघड दिसतो. अशी उसनवारी, विशेषतः कोरकूकडून, फार झाली. त्यामुळें ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणीच्या १९०६ सालच्या खंडांत निहालीला मुंडा भाषांतच बसविलें. डच पंडित काइपर यांनीं १९६२ सालीं तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, व ही परक्यांस कळूं नये म्हणून राखलेली गुप्त बोली तर नव्हे, अशीही शंका काढिली. कोरकूचें व्याकरण मिशनरी जॉन ड्रेक यांनीं १९०३ सालींच छापिलें होतें. निहालीचें व्याकरण व शब्दसंग्रह असलेला नागराज यांचा ग्रंथ म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेनें २०१४ सालीं काढिला.

परंतु ग्रंथ झाला म्हणून मुलें ती भाषा बोलूं लागत नाहींत. निहाल मुलास शेजाऱ्यांशीं कोरकू लागते, शाळेंत मराठी, बाजारांत हिंदी. ज्या बोलीला वर्गांत हंसतात, ती लेंकराच्या मुखीं घालण्यास आईबाप कचरले तर दोष त्यांचा नव्हे.

येथें बोलपट उपयोगीं पडतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळील बेटांवरच्या हैडा लोकांत त्यांची भाषा अस्खलित बोलणारे सुमारे २० जणच उरले होते. तरीही २०१८ सालीं 'एज ऑफ द नाइफ' हा सबंध हैडा भाषेंतील चित्रपट त्यांनीं लोकांपुढें आणिला. बहुतेक नटांस ती भाषा येत नव्हती. दोन आठवड्यांचें शिबिर भरवून त्यांच्याकडून उच्चार घटवून घ्यावे लागले. माझ्या मतें चित्रपटाहून हें शिबिरच अधिक मोलाचें, कारण त्यांत वृद्धांचें बोलणें तरुणांस पुन्हा हवेंसें झालें.

आपल्याकडे इतका खर्च नको. निहाल विद्यार्थ्यानें आजीची अनुमति घेऊन, ती मोहाचीं फुलें वेंचतांना किंवा गोष्ट सांगतांना मोबाईलवर तिचें चित्र व आवाज टिपावा. मात्र तें चित्र प्रथम तिच्या गांवांतच दाखवावें. शहरांतील पंडितांची पाळी मागाहून.