सुगंधाचं स्वातंत्र्य, सोड्याची शिस्त

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस साबणावर काय बोलणार, असं आपल्याला वाटत असेल. पण निवृत्तीनंतर मी घरी साबण करायला लागलो आणि ‘सर्जनशीलता म्हणजे काय’ हा वर्गातला जुना प्रश्न मला नव्याने कळला.

आधी माझी चूक सांगतो. कृती होती ५०० ग्रॅम खोबरेल तेलाची आणि ८७ ग्रॅम कॉस्टिक सोड्याची. मी म्हटलं, आपल्या तलासरीकडे मोहाच्या बियांचं तेल मिळतं, तेच वापरू. तेल बदललं, सोडा तेवढाच ठेवला. वडी सुंदर दिसली. आमच्या सौ.नी तिने हात धुतले आणि हात लालबुंद झाले.

असं का झालं? तेल आणि सोडा यांचा संयोग होऊन साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. पण प्रत्येक तेलाची सोड्याची गरज वेगळी असते. १०० ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण १८ ग्रॅम सोडा लागतो, मोहाच्या तेलाला साडेतेरा. शिवाय हिशेबापेक्षा ५ टक्के सोडा कमीच घालतात, म्हणजे थोडं तेल मोकळं राहून कातडी कोरडी पडत नाही. ही सूट न धरतासुद्धा मोहाला ६८ ग्रॅम पुरले असते. वरचे १९ ग्रॅम वडीत तसेच राहिले आणि हिच्या हाताला भिडले. मी ज्याला प्रयोगशीलता समजत होतो, तो निव्वळ निष्काळजीपणा होता.

आता माझी कृती अशी. २५० ग्रॅम खोबरेल, २५० ग्रॅम मोहाचं तेल, ७५ ग्रॅम सोडा आणि १७० ग्रॅम पाणी. सगळं काट्यावर तोलायचं. वाटी-चमचा चालणार नाही. हातमोजे आणि चष्मा घालायचा, खिडक्या उघड्या, मुलं बाहेर. भांडं स्टीलचं घ्यायचं. जर्मनचं भांडं बिलकूल नको, सोडा ते खातो. सोडा पाण्यात टाकायचा. सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. थेंब उडालाच तर लगेच वाहत्या पाण्याखाली भरपूर वेळ धुवायचं. डोळ्यात गेला तर धुता धुताच डॉक्टरकडे न्यायची तयारी करायची.

सोड्याचं पाणी फार तापतं. ते आणि तेल दोन्ही कोमट झाल्यावर एकत्र करून ढवळायचं. मिश्रण बासुंदीसारखं दाटलं आणि वर रेघ उमटायला लागली, की सुगंध घालायचा आणि साच्यात ओतायचं. दोन दिवसांनी मोजे घालूनच वड्या पाडायच्या आणि चार ते सहा आठवडे वाऱ्यावर ठेवायच्या. डहाणूच्या पावसाळ्यात हवा दमट, वड्यांना घाम सुटतो. म्हणून मी हे काम दिवाळीनंतर काढतो.

सुगंधाचंही तसंच. वाटतं, चैत्रातली मोहाची फुलं घालावीत, घोलवडचा चिकू घालावा. पण ताजी फुलं सोड्यात काळी पडतात, वास टिकत नाही. चिकूच्या साखरेने मिश्रण जास्त तापतं. त्यापेक्षा गवती चहाचं सुगंधी तेल घ्या, एवढ्या साबणाला १० ग्रॅम पुरे.

मग यात आपलं काय राहिलं, असं कोणी विचारेल. पुष्कळ राहिलं. सुगंध आपला, रंग आपला, आकार आपला. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रं आठवा. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. साहित्य किती थोडं! वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि पांढरा रंग. पण तेवढ्यात त्यांनी सगळं गाव नाचवलं. मर्यादा त्यांच्या आड आली नाही.

साबणाचंही असंच आहे. सोड्याच्या वजनात आपलं मत चालत नाही, आणि ते चालत नाही हे एकदा मान्य केलं की बाकीच्यात मन मोकळं होतं. हिने दुसऱ्या खेपेची वडी सहा आठवडे हातात घेतली नव्हती. मी आधी स्वतः आठवडाभर वापरली, मग तिला दिली. तिने वास घेतला, हात धुतले आणि म्हणाली, “आता जमलं.” मला पीएच.डी.पेक्षा त्याचा आनंद जास्त झाला.