पाचवी पिढी आली, पण विहिरीच्या काठापर्यंत?

गेल्या गणपतीतली गोष्ट. आरती झाली, मोदकांची पंगत उठली आणि सगळी मंडळी ओटीवर टेकली. ह्यांनी सणाच्या निमित्ताने नवा मोबाइल घेतला होता, हप्त्यांवर! त्याचं खोकं हातोहात फिरत मामंजींकडे गेलं. त्यांनी चष्मा सावरून वाचलं आणि विचारलं, "हे फाइव्ह जी, फाइव्ह जी म्हणजे कोणाला जी म्हणायचं रे?"

सगळे हसले. पण भांडी आवरणाऱ्या माझ्या मोठ्या जाऊबाई हसल्या नाहीत. आतूनच म्हणाल्या, "अगो, मला आधी वन जी तरी द्या. फोन आला की विहिरीच्या काठावर धावत जावं लागतं. तोवर समोरचा ठेवून देतो."

वहिनी आमच्या वाडीवरच्या घरात राहतात. आम्ही खेडमध्ये. अंतर म्हणाल तर एस.टी.ने पाऊण तास, पण इथे मुलं मोबाइलवर सिनेमा बघतात आणि तिथे "पोचलो" एवढं सांगायला विहीर गाठावी लागते. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात घोळतो आहे.

तर 'जी' म्हणजे जनरेशन, आपल्या भाषेत पिढी. पहिल्या पिढीत नुसतं बोलणं. दुसरीत बोलण्याबरोबर संदेश आले. आपल्या देशात मोबाइल आला तो या दुसऱ्या पिढीचाच, 31 जुलै 1995 रोजी, कलकत्त्याहून दिल्लीला लावलेल्या पहिल्या फोनने. तेव्हा मिनिटाला 16 रुपयांपर्यंत दर, आणि आलेल्या फोनचेही पैसे! आम्ही आपले रात्री अकरानंतर दर उतरला की पिवळ्या पाटीच्या बूथपुढे रांग लावायचो. 2003 मध्ये येणारा फोन फुकट झाला आणि मोबाइल खऱ्या अर्थाने सामान्यांच्या हाती आला. तिसऱ्या पिढीने इंटरनेट खिशात आणलं, चौथीने चलच्चित्र आणि भाजीवाल्याच्या गाडीवरचं पैसे द्यायचं ते चौकोनी चित्र. पाचवीचा प्रारंभ 1 ऑक्टोबर 2022 रोजी दिल्लीत झाला. त्याआधीच्या लिलावात कंपन्यांनी नुसत्या लहरी वापरण्याच्या हक्कासाठी सुमारे दीड लाख कोटी रुपयांची बोली लावली होती.

एवढा पैसा ओततात, म्हणजे काहीतरी मिळकत असणारच ना? आहे. वेग वाढतो हे तर झालंच, पण एका चौरस किलोमीटरात दहा लाख यंत्रं एकाच वेळी जोडता यावीत, अशी या पिढीची आखणी आहे. आपल्या लोट्याच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी टाक्यांवर, नळ्यांवर बारीक यंत्रं बसवून गळतीची खबर तात्काळ मिळवता येईल. ज्यांची माणसं तिथे पाळीवर जातात त्यांना याचं मोल सांगायला नको. जिथे डोंगरातून केबल ओढणं अवघड, तिथे घराला हवेतूनच इंटरनेट देता येतं. मुंबईचा चाकरमानी गणपतीला चार दिवसांऐवजी महिनाभर राहून इथूनच काम करू शकला, तर किती बंद घरांची कुलपं उघडतील!

पण मैत्रिणींनो, खरी गोम वेगळीच आहे. या लहरींचंही घरातल्या माणसांसारखं असतं. खालच्या पट्टीतली लहर लांब जाते, भिंतीतूनही शिरते, पण ओझं कमी वाहते. वरच्या पट्टीतली भराभर पुष्कळ वाहते, पण थोड्याच अंतरावर दमते आणि डोंगर आडवा आला की थबकते. म्हणून वेग हवा तर टॉवर जवळजवळ हवेत. मुंबईत एका टॉवरखाली हजारो गिऱ्हाईकं. आमच्या वाडीत घरं पंचवीस, त्यांतली दहा बंद. कंपनी हिशेब मांडते आणि डोंगराच्या अलीकडेच थांबते.

गंमत पाहा. जुलै 2022 च्या अखेरीस पाचव्या पिढीचा लिलाव चालू होता आणि त्याच आठवड्यात, 27 जुलैला, केंद्रीय मंत्रिमंडळाने दुसरी एक योजना मंजूर केली: देशातल्या 24,680 गावांत चौथी पिढी पोचवण्याची, 26,316 कोटी रुपयांची! म्हणजे एका दारात पाचवी आणि दुसऱ्या दारात चौथीचाही पत्ता नाही.

आता कोणी म्हणेल, खेड्यात हवाय कशाला एवढा मोबाइल? त्यांना मी केरळातल्या मासळीची गोष्ट सांगते. 1997 ते 2001 या काळात तिथल्या किनाऱ्यावर मोबाइल आला. त्याआधी कोळी ज्या बंदरात शिरत तिथे मासळी जास्त झाली तर तारली समुद्रात फेकून देत, आणि दहा-पंधरा किलोमीटरवरच्या बाजारात गिऱ्हाईकं रिकाम्या हाताने परतत. फोन आल्यावर होडीतूनच भाव विचारून बंदर ठरू लागलं. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने 2007 मध्ये हिशेब प्रसिद्ध केला: मासळीची नासाडी जवळजवळ थांबली, कोळ्यांचा नफा सरासरी 8 टक्के वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी 4 टक्के स्वस्त मिळाली. दोघांचाही फायदा! आणि हे सगळं साध्या बोलण्याच्या फोनवर.

हे वाचलं आणि मला वहिनींची आमसुलं आठवली. त्या आंबापोळी, फणसपोळी, आगळ करतात. हात असा की खाणारा पुन्हा मागतो. गेल्या मे महिन्यात ठाण्याच्या एका ओळखीच्या बाईंना तीस किलो आमसुलं हवी होती. त्यांनी दोनदा फोन केला, फोटो मागितला. फोटो गेला तिसऱ्या दिवशी, तोवर त्यांनी दुसरीकडून घेतली. वहिनी काही बोलल्या नाहीत. पण त्या पैशांत मुलीची अकरावीची फी आणि पुस्तकं व्हायची होती, हे मला ठाऊक होतं.

मी अर्धवेळ शिकवते. 2020 च्या टाळेबंदीत आम्ही मोबाइलवर वर्ग घेतले तेव्हा बाजारपेठेतली मुलं पडद्यावर दिसत आणि वाड्यांवरची गैरहजर. त्यांना गैरहजर लिहिताना माझा हात अडखळायचा.

म्हणून नवा फोन घेण्यापूर्वी एवढं जरूर पाहा. एक, आपल्या घरात, स्वयंपाकघरात, माजघरात, कोणत्या कंपनीची रेंज येते ते शेजारणीचा फोन घेऊन तपासा. सगळं काम तिथेच असतं. दोन, गावी म्हातारी माणसं असतील तर वेगापेक्षा बॅटरी जास्त टिकणारा फोन त्यांना द्या. तीन, दर महिन्याचा खर्च मांडा. जुलै 2024 मध्ये मोठ्या खाजगी कंपन्यांनी दर वाढवले. घरात चार फोन असतील तर तो वाण्याच्या यादीएवढाच महत्त्वाचा आकडा होतो. चार, बचत गटातल्या बायकांनी मिळून कोणत्या वाडीत कुठे रेंज नाही याची यादी करावी आणि ग्रामसभेत लेखी अर्ज द्यावा. एकटीचं गाऱ्हाणं हवेत विरतं, पंचवीस सह्यांचा कागद दप्तरी राहतो.

आणि एक शेवटचं. माझं माहेर चिपळूणचं. 22 जुलै 2021 ला पाणी चढलं तेव्हा खेडच्या बाजारातही जगबुडी शिरली होती. आईचा सकाळचा फोन मध्येच तुटला, तो दोन दिवस लागलाच नाही. वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, मग जनरेटरवर. रस्ताच बंद, तर डिझेल पोचणार कसं? ते दोन दिवस मी देवापुढून हलले नाही. तिसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून आवाज आला, "आम्ही माळ्यावर होतो, सुखरूप आहोत, तू जेवलीस का?"

त्या तीन वाक्यांना पहिली पिढीसुद्धा पुरली असती. पाचवी येवो, सहावी येवो, आनंदच आहे. पण टॉवर उभारणाऱ्यांनी वेगाच्या आधी एवढं पाहावं, की भर पावसात, वीज गेलेल्या रात्री, विहिरीच्या काठावर न धावताही आईचा आवाज ऐकू यावा.