तलावाच्या पाळेवरची सुगम वाट

शाळेच्या सहलीचा दिवस ठरला की वर्गात आनंदीआनंद होतो. तथापि त्या गडबडीत एखादा विद्यार्थी हळूच म्हणतो, "मी नाही येत." चाकांच्या खुर्चीवर बसून शाळेत येणाऱ्या मुलाला तलावाकाठची वाट आपल्यासाठी नाही, हे कोणी सांगावे लागत नाही, ते त्याला अनुभवाने ठाऊक असते. घरोघरीही हेच घडते. बतुकम्माच्या अखेरच्या दिवशी फुलांच्या राशी घेऊन बायका तलावावर निघाल्या, किंवा पोळ्याला बैल धुवायला गडीमाणसे निघाली, की गुडघे धरलेली आजी उंबऱ्यापाशी थांबून म्हणते, "जा बाळांनो, तुम्ही जाऊन या." आजीला घरी ठेवण्याइतकी ती वाट खरोखरच अवघड असते काय? थोडा विचार केला तर असे दिसून येईल की, तलावाच्या पाळेइतकी सोपी वाट दुसरी क्वचितच असेल. अवघड असतात त्या वाटेवरच्या चारदोन जागा.

आदिलाबाद शहराच्या दक्षिणेस, 44 क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गालगत सुमारे 6 किलोमीटरवर मावला येथे तलाव आहे. जवळच त्याच नावाचे गाव आहे. तलावालगत गाव हे दृश्य तेलंगणात ठिकठिकाणी आढळते. तलावाला येथे 'चेरुवु' आणि त्याच्या बांधाला 'कट्टा' म्हणतात. आपण मराठी माणसे त्यालाच 'पाळ' म्हणतो. काकतीय राजवटीत 13 व्या शतकात बांधलेले रामप्पा आणि पाखाल हे तलाव आजही पाण्याने भरतात. राज्यातील अशा सुमारे 46 हजार तलावांतील गाळ काढून त्यांची दुरुस्ती करण्याचे 'मिशन काकतीय' 2015 साली सुरू झाले. ज्या प्रदेशात इतके तलाव, त्या प्रदेशात पाळेवरून गावाला जाण्याच्या वाटाही तितक्याच असावयाच्या.

आता पाळ सपाट का असते ते पाहू. साठलेल्या पाण्याची पातळी सर्वत्र सारखी असते, हे आपण विज्ञानाच्या पुस्तकात शिकतो. मातीची पाळ एखाद्या ठिकाणी हातभर जरी खाली राहिली, तरी पुराचे पाणी प्रथम तेथूनच वाहू लागेल, माती कापीत जाईल आणि पाहता पाहता सारी पाळ फुटेल. म्हणून पाळेचा माथा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच उंचीवर राखावा लागतो. जादा पाणी जाण्यासाठी मुद्दाम खालच्या पातळीवर दगडी सांडवा बांधलेला असतो. पाणसळ धरून भिंत बांधणाऱ्या गवंड्याप्रमाणे येथे खुद्द तलावच पाणसळीचे काम करतो! पाण्याच्या भीतीने माणसाने माथा सपाट ठेवला आणि न कळत चाकाच्या खुर्चीसाठीही उत्तम वाट तयार करून ठेवली. हैदराबादच्या हुसेनसागराची पाळ 16 व्या शतकातील आहे. आज तिच्यावरून मोठा रस्ता जातो व तेथे असंख्य लोक फिरावयास येतात.

मग अडते कोठे? पहिली अडचण चढाची. शेताच्या पातळीवरून पाळेच्या माथ्यावर जाण्यास बहुधा पायऱ्या किंवा घसरडी पायवाट असते. पायऱ्यांऐवजी उतरण बांधावयाची झाल्यास नियम साधा आहे : 1 भाग उंचीला निदान 12 भाग लांबी. पाळ 3 मीटर उंच असेल तर उतरण 36 मीटर लांब हवी. शिवाय दर 9 मीटरनंतर दम घेण्यास दीड मीटरची सपाट जागा ठेवावी. 36 मीटरचे चार तुकडे, त्यांच्यामध्ये तीन विसावे, म्हणजे एकूण साडेचाळीस मीटर. हा आकडा ऐकून कोणी घाबरेल. परंतु पाळेच्या अंगाला समांतर अशी उतरण नेली की एवढी लांबी सहज मिळते. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. उतरणीसाठी पाळ मुळीच खणू नये. गावाच्या बाजूने बाहेर नवा भराव घालून ती करावी आणि तेही पाटबंधारे खात्याच्या अभियंत्याच्या सल्ल्याने. पाळेवर सावलीसाठी झाडे लावण्याचा मोहही आवरावा, कारण मुळांच्या पोकळीतून पाणी वाट काढते.

दुसरी अडचण जमिनीची. आपला जिल्हा कापसाचा, अर्थात काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात चाकाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. माथ्यावर मुरूम पसरून, पाणी शिंपून, रूळ फिरवून तो घट्ट बसविला आणि पाणी निथळण्यापुरता किंचित उतार दिला, तर वाट बारमाही होते. दोन्ही कडांना चार बोटे उंचीची कड बांधली की चाक घसरत नाही आणि अंध व्यक्तीच्या पांढऱ्या काठीलाही मार्ग कळतो. कडेखालून पाणी जाण्यास मात्र फटी ठेवाव्यात.

तिसरी अडचण तुटक जागांची. सांडव्यापाशी माथा संपतो. तेथे लहानसा कठड्याचा पूल हवा. मोटारी अडविण्यासाठी खांब रोवतात, त्यांच्यात निदान 90 सेंटीमीटरचे अंतर नसेल तर खुर्चीही अडते. आणि गाव दिसू लागल्यावर शेवटची उघडी नाली! सारी वाट उत्तम असून एका नालीवर फरशी नाही, म्हणून माणूस माघारी फिरतो. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकेच असते, तसेच वाटेचेही आहे.

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2016 साली संमत झाला व 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. पूर्वीच्या 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते; नव्या कायद्यात 21 आहेत. सार्वजनिक जागा सर्वांना सुगम असावी, ही त्यात कोणावर केलेली मेहेरबानी नसून हक्क आहे. शिवाय अशा वाटेचा लाभ केवळ अपंगांनाच होतो असे नाही. डोईवर भारा घेतलेली शेतकरीण, बाबागाडी ढकलणारी आई, पाय मुरगळलेला खेळाडू, सायकलवरून शाळेला येणारा विद्यार्थी, या सर्वांचे पाऊल तेथे हलके पडते.

विद्यार्थिमित्रहो, पुढच्या सहलीपूर्वी एक काम करा. मोजपट्टी आणि वही घेऊन, शिक्षकांसह, आपल्या जवळच्या तलावाची पाळ चालून पाहा. चढ किती उंच, वाट कोठे किती रुंद, खांबांत अंतर किती, नाल्या किती, हे लिहून काढा. शक्य असल्यास त्या "मी नाही येत" म्हणणाऱ्या मित्रालाच बरोबर न्या. वाट कोठे अडते हे त्याच्याइतके अचूक दुसरा कोणी सांगू शकणार नाही. ती यादी ग्रामपंचायतीस किंवा नगरपालिकेस द्या. पाण्याने पाळ सपाट करून आपले काम केव्हाच केले आहे. उरलेल्या चारदोन जागा माणसांनी सपाट केल्या, म्हणजे पुढच्या बतुकम्माला आजी उंबऱ्यापाशी थांबणार नाही. ती आपल्या हाताने फुले पाण्यात सोडील.