श्रावक : रवींद्र जैन यांची स्वरयात्रा

कुलपांसाठी देशभर प्रसिद्ध असलेल्या अलीगढ शहरात 28 फेब्रुवारी 1944 रोजी पंडित इंद्रमणि जैन यांच्या घरी एक बालक जन्मास आले. त्याच्या पापण्या मिटलेल्याच होत्या. वैद्यकीय उपचारांनी त्या उघडल्या, परंतु दृष्टी मात्र लाभली नाही. वडील संस्कृतचे विद्वान आणि आयुर्वेदाचे जाणकार होते. मुलाच्या भवितव्याचा विचार करताना त्यांनी त्याच्याकडे काय नाही याचा हिशेब मांडत न बसता काय आहे याचा शोध घेतला. मुलाचा कान विलक्षण तयारीचा होता. त्यांनी त्याला संगीताच्या हवाली केले. तेच बालक पुढे संगीतकार, गीतकार आणि गायक रवींद्र जैन म्हणून देशाला परिचित झाले.

आपल्या कर्मसिद्धान्तात दर्शनावरणीय कर्माचे नऊ भेद सांगितले आहेत. त्यांतील पहिला चक्षुदर्शनावरण, म्हणजे डोळ्यांनी होणारे दर्शन झाकणारा. दुसरा अचक्षुदर्शनावरण, म्हणजे उरलेली इंद्रिये आणि मन यांच्याद्वारे होणारे दर्शन झाकणारा. शास्त्रकारांनी हे दोन भेद वेगवेगळे ठेवले, यात मोठा अर्थ आहे. एक दार बंद असले म्हणून दुसरेही बंदच असेल, असे मानण्याचे कारण नाही. रवींद्रजींच्या वडिलांनी नेमके हे दुसरे दार उघडून दिले.

बालपणी ते मंदिरात भजने गात. अक्षरे डोळ्यांनी वाचता येत नसल्याने प्रत्येक पद ऐकून कंठस्थ करावे लागे. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. भगवान महावीरांची वाणीही कित्येक शतके ग्रंथात नव्हे, तर कंठात आणि कानात जतन झाली. म्हणूनच आपण शास्त्राला ‘श्रुत’ म्हणतो, आणि गृहस्थ जैनाला ‘श्रावक’, म्हणजे ऐकणारा. हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्याचा अर्थ क्वचितच आठवतो. रवींद्रजी मात्र अक्षरशः श्रावक होते.

तरुणपणी ते कोलकात्यास गेले. तेथे काही वर्षे संगीत शिकवले आणि कार्यक्रम केले. त्या वास्तव्यात बंगालची लोकधून त्यांच्या अंगी मुरली. पुढे मुंबईस आल्यावर राजश्री प्रॉडक्शन्सच्या ‘सौदागर’ या 1973 च्या चित्रपटात तिचा उपयोग झाला. बंगालमधील खजुराच्या रसाच्या व्यापाराभोवती फिरणारी ती कथा आहे. नायक स्वार्थासाठी गुणी पत्नीला दूर करतो आणि मग त्याच्या गुळाची चवच हरपते. व्यापार करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी पाहावा, असा तो चित्रपट आहे. त्याच्या ध्वनिमुद्रणाच्या दिवसांत वडिलांच्या निधनाची वार्ता आली असता रवींद्रजींनी हाती घेतलेले काम पुरे केले आणि मगच स्टुडिओ सोडला, असे आजही सांगितले जाते.

त्यानंतर ‘चोर मचाये शोर’, ‘गीत गाता चल’, ‘चितचोर’, ‘अखियों के झरोखों से’ असे चित्रपट एकामागून एक आले. 1976 च्या ‘चितचोर’मधील गायनासाठी येसुदास यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कोचीच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेला गायक, अलीगढच्या जैन कुटुंबातील संगीतकार, आणि गाण्यात गोकुळाची व खेड्यापाड्याची भाषा. या मिलाफाचे त्या वेळी कोणालाही नवल वाटले नाही, हेच खरे नवल. 1985 च्या ‘राम तेरी गंगा मैली’साठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. 2006 च्या ‘विवाह’पर्यंत राजश्रीशी त्यांचा स्नेह टिकून राहिला.

तथापि घराघरात ते पोहोचले ते रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेमुळे. 25 जानेवारी 1987 पासून 31 जुलै 1988 पर्यंत दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर तिचे 78 भाग दाखवले गेले. रवींद्रजींनी तुलसीदासांच्या चौपायांना चाली दिल्या, अनेक पदे स्वतः रचली आणि स्वतःच्या भरदार आवाजात गायिलीही. त्या वेळी आपल्या काही मंडळींनी विचारले होते, जैन माणसाने रामकथा गावी हे कसे? वास्तविक रामकथा आपल्यालाही परकी नाही. विमलसूरींचे ‘पउमचरिय’ हे प्राकृत महाकाव्य रामाचेच चरित्र सांगते, आणि त्याची भाषा आपल्या मराठीच्या पूर्वजांपैकी असलेली माहाराष्ट्री आहे. सातव्या शतकात रविषेणाचार्यांनी संस्कृतात ‘पद्मपुराण’ लिहिले. आपल्या परंपरेत राम हे आठवे बलदेव. त्यांच्या हातून रावणवध होत नाही, तो लक्ष्मणाच्या हातून होतो. राम अखेरीस दीक्षा घेऊन मोक्षास जातात. नाशिक जिल्ह्यातील मांगी-तुंगी हे सिद्धक्षेत्र दिगंबर परंपरेने त्यांची निर्वाणभूमी मानले आहे. कथा निराळी, परंतु आदर तोच. दुसऱ्याच्या श्रद्धेचा स्वर शुद्ध लावता येणे, हा मला अनेकान्ताचा सुरेल पाठ वाटतो. त्यासाठी रवींद्रजींना स्वतःचे जैनत्व सोडावे लागले नाही. जिनस्तुतीची पदेही ते गातच राहिले.

येथे एक गोष्ट कबूल केल्यावाचून हा लेख पूर्ण होणार नाही. त्याच काळात मी एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. आपल्या समाजातील एक कापड व्यापारी आमचे खातेदार होते. त्यांच्या धाकट्या मुलाची दृष्टी फार अधू होती, परंतु मंदिरात एकदा ऐकलेले स्तवन तो घरी येऊन पेटीवर वाजवीत असे. एके दिवशी ते मला म्हणाले, “साहेब, याला संगीत शिकायला पुण्याला ठेवावे म्हणतो. आपला काय सल्ला?” मी एम.कॉम. झालेला, कर्जाच्या अर्जावर परतफेडीची शक्यता तपासणारा माणूस. मी खर्चाचा आकडा मांडला, उत्पन्नाच्या रकान्यात शून्य लिहिले आणि म्हणालो, “शेठजी, गाण्यावर पोट भरत नाही. त्याला गल्ल्यावर बसवा.” त्यांनी माझा शब्द मानला.

आज तो मुलगा पन्नाशीच्या पुढे आहे. दुकान उत्तम चालते, त्याची कोणाविषयी तक्रार नाही. पर्वाच्या दिवसांत तो मंदिरात पेटी वाजवतो, तेव्हा पूजेस बसलेली मंडळी क्षणभर हातातील अर्घ्य विसरतात. मागे एकदा पूजा संपल्यावर मी त्याच्याजवळ जाऊन म्हणालो, “त्या वेळी माझे चुकले.” तो हसून म्हणाला, “काका, तुम्ही मला ऐकलेच कुठे होते? तुम्ही फक्त आकडे ऐकले.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. त्या वर्षीच्या क्षमापनेच्या दिवशी मी सर्वांत आधी त्याच्या दारी गेलो.

रवींद्रजींना 2015 साली पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी कार्यक्रमासाठी नागपुरास आले असता त्यांची प्रकृती बिघडली. त्यांना मुंबईस हलविण्यात आले आणि 9 ऑक्टोबर 2015 रोजी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. अखेरचा प्रवासही गाण्यासाठीच घडला. पुढे मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत घरे बंद झाली, तेव्हा दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले आणि त्यांचा आवाज नव्या पिढीच्या कानी पडला.

प्रत्येक मूल रवींद्र जैन होणार नाही, हे मी जाणतो. पेढीची गादी हीदेखील सन्मानाची जागा आहे आणि तिने आपली कुटुंबे उभी केली आहेत. माझे म्हणणे इतकेच की निर्णय कोणताही होवो, त्याआधी मुलाचे ऐकून घेतलेले असावे. पंडित इंद्रमणिजींनी वही उघडण्याआधी कान उघडले होते. आपल्या घरातील एखादे मूल उद्या काही निराळे मागेल, तेव्हा आपण व्यापारी असूच, परंतु त्याआधी श्रावक आहोत, एवढे स्मरण राहो.

जय जिनेंद्र.