फेराच्या आतून ऐकलेलं

मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांच्या उत्सवात, सोंग डोळ्यांना दिसण्याआधी कानांना कळतं. रात्र चढलेली असते, रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं दाटीनं बसलेली असतात आणि लांबच्या टोकाला संबळ-पिपाणी सुरू होते. सोंग नाचत पुढे येतं, मागे सरतं. संबळ छातीवर आदळतो, पुन्हा दूर जातो. मुखवटा समोरून निघून गेला की पिपाणी एका कानातून दुसऱ्या कानाकडे सरकलेली असते. जुन्या गाण्यांच्या मोनो, स्टिरिओ आणि क्वाड्राफोनिक मिक्सची तुलना करताना मला दरवेळी हाच रस्ता आठवतो.

मिक्स म्हणजे कोणता आवाज कुठे आणि किती पुढे उभा करायचा, याचा निर्णय. मोनोमध्ये डावं-उजवं नसतं, पण जवळ-लांब असतं. आपल्याकडे पन्नास-साठच्या दशकांत गायक आणि वादक एकाच वेळी मोजक्या माइकांपुढे गात-वाजवत. कुणाला माइकजवळ घ्यायचं, कुणाला मागे बसवायचं, यातच निम्मं मिक्सिंग उरकलेलं असे. त्या मोनोला खोली आहे, ती याच बैठकीमुळे.

साठच्या दशकातला स्टिरिओ मात्र बराच धसमुसळा होता. बीटल्सच्या 1965 च्या ‘रबर सोल’मध्ये वाद्यं बहुतेक डावीकडे, गळे उजवीकडे. जव्हारहून सुटलेल्या एसटीत भाचीबरोबर इअरफोनची एकच जोडी वाटून ऐकत होतो. ती म्हणाली, ‘‘मामा, यात नुसतंच वाजतंय, गात कुणीच नाही.’’ गाणारे सगळे माझ्या कानात होते! 1967 च्या ‘सार्जंट पेपर’च्या मोनो मिक्सला बीटल्स स्वतः हजर होते, स्टिरिओचं काम त्यांच्यामागे उरकलं गेलं. ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोत किंचित जलद आणि चढ्या पट्टीत आहे. माझं मत मोनोच्या बाजूनं.

क्वाड्राफोनिक म्हणजे चार कोपऱ्यांत चार स्पीकर. ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्सनं घड्याळांच्या दुकानात एकेक ठोका टिपला तो याच तंत्राच्या प्रात्यक्षिकासाठी. पुढे तीच घड्याळं पिंक फ्लॉइडच्या ‘टाइम’मध्ये वाजली. पण चार आवाज तबकडीवर बसवण्याच्या एसक्यू, क्यूएस, सीडी-4 या पद्धतींचं एकमेकींशी जुळेना आणि सत्तरचं दशक संपेपर्यंत बाजार आटोपला.

आपल्याकडे 1975 च्या ‘शोले’नं थिएटरातल्या माणसाला स्टिरिओ म्हणजे काय ते दाखवलं. नाणं पडल्याचा आवाज ऐकून प्रेक्षक खुर्चीखाली वाकत, ही आठवण अजून सांगितली जाते. 70 एमएमची सोय नव्हती तिथे 35 एमएमच्या मोनो प्रिंटा गेल्या, म्हणजे शहराचा ‘शोले’ आणि तालुक्याचा ‘शोले’ कानांना वेगळे होते. चित्रपटाचे सगळे आवाज शेवटी एकत्र जुळवणाऱ्या, राजकमल कलामंदिरातल्या मंगेश देसाईंसारख्या रीरेकॉर्डिस्टचं नाव मराठी वाचकाला संगीतकारांइतकं पाठ असायला हवं होतं.

तालुक्याला खरा स्टिरिओ मिळाला तो काळी-पिवळी जीपमधल्या कॅसेटवर, आणि तोही झंकार बीट्सचा. जुन्या मोनो गाण्यावर नवा ठेका आणि प्रतिध्वनी चढवलेला. मूळ तबला त्याखाली गुदमरतो. मला हे प्रकरण कधीच सोसलं नाही. 2004 च्या रंगीत ‘मुगल-ए-आझम’मध्ये मूळ संगीतकार नौशाद यांच्या देखरेखीखाली मूळ गळे ठेवून वाद्यमेळ नव्यानं ध्वनिमुद्रित केला गेला. त्यात आदर आहे, तरीही रात्री ऐकायला मी 1960 चाच काढतो.

आता पुन्हा जव्हार-मोखाड्याकडे, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याकडे. सुकवलेला दुधीभोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे बुजवायला मेण. वाजवणारा वळतो तसा कर्णा वळतो आणि भोवतीचा फेर त्याच्यामागे फिरतो. फेरात उभं राहिलं की सूर आधी पाठीवर, मग खांद्यावर, मग तोंडासमोर येतो. पायांची लय मात्र चहूबाजूंनी सारखी असते. चार स्पीकर जे करू पाहत होते ते इथे एक माणूस श्वासावर करतो. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारख्या वादकांचा तारपा आपण बहुधा मंचावरच्या एका माइकातून ऐकतो, म्हणजे फेर वगळून.

म्हणून एक विनंती. बोहाड्याला किंवा तारप्याच्या नाचाला जाणार असाल तर मोबाइल भोंग्यासमोर धरू नका. दोन माइकांचा साधा रेकॉर्डर न्या, गावाला विचारा, आणि परवानगी मिळाली तर फेराच्या आत उभे राहून, न बोलता, नाच संपेपर्यंत तो चालू ठेवा.